पुढच्या दाराची किल्ली

दार धाडकन लागलं तेव्हा ती अंगणात पायपुसणं झटकत उभी होती.

वारा काही फार नव्हता. तळ्यावरून एक झुळूक आली, घरात शिरली, जाता जाता पुढचं दार लोटून गेली... झालं! तिने पायपुसणं तिथेच टाकलं आणि धावली. मूठ फिरवली, ढकलून पाहिलं, खांदा लावला. दार हललं नाही. हलणार तरी कसं? चार दुकानं पालथी घालून, लाकूड ठोकठोकून तिनेच ते निवडलं होतं, आणि लोटलं की आपोआप बंद होणारं कुलूपही तिनेच मोठ्या हौसेने बसवून घेतलं होतं.

किल्ली आत, खुंटीवर. मागच्या दाराला आतून कडी. खिडक्यांना गज. आणि तासाभरात सात माणसांचं कुटुंब सुट्टीला म्हणून येऊन ठेपणार होतं. नशीब एवढंच की फोन तिच्या ॲप्रनच्या खिशात होता.

ती शहरातली पडदेवाली. बारा वर्षं लोकांच्या खिडक्यांची मापं घेतली आणि शेवटी स्वतःच्या चार खिडक्या विकत घेतल्या, असं ती हसत सांगायची. शहरापासून बसने दोन तासांवर तळ्याकाठी नऊ घरांची एक रांग होती. त्यातलं सातवं घर चार महिन्यांपूर्वी तिचं झालं होतं. कागदावर एकच नाव – तिचं. घर सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने द्यायचं. शनिवारी एक पाहुणे जायचे, दुसरे यायचे, आणि मधल्या चार तासांत तिने शहरातून येऊन घर लख्ख करून ठेवायचं, असा तिचा शिरस्ता. या घराचा तिला इतका अभिमान होता की बसच्या कंडक्टरलासुद्धा तिने त्याचा फोटो दाखवला होता. त्याने मागितला नसताना.

आणि आता ही अशी स्वतःच्याच दाराबाहेर! बुकिंग ऑफिसात फोन केला तर तिथला माणूस आधी पोटभर हसला, मग त्याने बसस्टॉपजवळच्या चावीवाल्याचा नंबर दिला.

चावीवाला दहा मिनिटांत सायकलवरून आला. तिशीचा, उंच, बाह्या दुमडलेल्या, मागे पत्र्याची पेटी बांधलेली. त्याने दाराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पेटी खाली ठेवली... आणि त्या पेटीवरच आरामात बसला.

"घर कुणाचं?"

"माझं!"

"वा. छान आहे."

"अहो, छान आहे ते मला माहितीये. बसलात काय? उघडा की!"

"उघडतो. आधी तीन प्रश्न. आत काय आहे ते तुम्ही बाहेरून सांगायचं. मला पटलं तर उघडणार, नाहीतर मी चाललो."

"ही काय परीक्षा आहे?"

"वडिलांचा नियम आहे," तो म्हणाला. "एकदा चांगल्या कपड्यांतल्या एका माणसाला त्यांनी दार उघडून दिलं. घर त्याचं नव्हतं. वडिलांनी आठवडाभर दुकान उघडलं नाही, तोंड दाखवायची लाज वाटली त्यांना. तेव्हापासून आमच्याकडे तीन प्रश्नांशिवाय कुलूप उघडत नाही."

ती धुसफुसली खरी, पण नियम ऐकून तिचा राग अर्धा उतरला. तिला नियम पाळणारी माणसं आवडायची.

"विचारा."

"दार उघडलं की समोर काय?"

"पाच खुंट्या. चौथी जरा सैल आहे, तिच्यावर फक्त छत्री लावायची. शेजारी नियमांची पाटी. अकरा नियम. मी स्वतः लिहिलेत."

"अकरा?"

"कमीच आहेत."

त्याचे डोळे हसले. "स्वयंपाकघरातला पहिला खण?"

"सहा चमचे, सहा काटे, एक कात्री, मेणबत्त्या, सुई-दोरा आणि बटणांची डबी."

"बटणांची डबी?"

"सुट्टीवर आलेल्या माणसाचं एक तरी बटण हमखास तुटतं," ती तोऱ्यात म्हणाली. "माझ्या घरात त्याची अडचण व्हायची नाही."

नकळत त्याचा हात स्वतःच्या शर्टाकडे गेला. वरून दुसरं बटण नव्हतं. तिने ते पाहिलं, आणि तिने पाहिलं हे त्यानेही पाहिलं.

"तिसरा प्रश्न," तो घाईने म्हणाला. "सकाळचं पहिलं ऊन घरात कुठे पडतं?"

तिने तोंड उघडलं... आणि मिटलं.

पडद्यांची लांबी तिला बोटाबोटाने पाठ होती. कोणत्या फरशीला चरा आहे, कोणता नळ किती आटे फिरतो, सगळं ठाऊक होतं. पण सकाळचं ऊन? ती यायची दुपारी, जायची संध्याकाळी. आपल्याच घरात एक रात्रसुद्धा काढलेली नव्हती तिने. घर ताब्यात आलं त्या दिवसापासून ते भाड्याने गेलेलं होतं.

"माहीत नाही," ती शेवटी म्हणाली. "मी इथे सकाळी कधी नसतेच."

तो उठला आणि कुलपापाशी जाऊन गुडघ्यांवर बसला. "चोर असता तर ठोकून दिलं असतं. तुम्ही लाजलात."

"मी लाजले नाही!"

"बरं, नाही लाजलात. कान लाल झालेत ते कामाने झाले असतील." दोन बारीक तारा, एक हलकासा झटका – आणि दार उघडलं. "दोन उत्तरांवर आयुष्यात पहिल्यांदा उघडतोय. तिसरं तुमच्याकडे बाकी राहिलं, मालकीणबाई."

मालकीणबाई! असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तो सायकलवर टांग टाकून वळणाआड दिसेनासा झाला तरी ती दारात तशीच उभी होती. मग पाहुण्यांची आठवण झाली आणि तिची तारांबळ उडाली.

पाहुणे ही एक अजब जात असते. टॉवेल विसरतात, चष्मे विसरतात, एकदा तर एक आजोबा दातांची कवळी विसरले होते. पण किल्ली मात्र न चुकता खिशात घालून घरी नेतात. त्यामुळे दर दोन-तीन शनिवारी पडदेवालीला चावीवाल्याच्या दुकानाची पायरी चढावी लागायची. दुकान म्हणजे बसस्टॉपच्या कोपऱ्यावरची एक खोली. भिंतभर किल्ल्या, टेबलावर कानस, आणि दारात एक स्टूल – गिऱ्हाइकासाठी.

"पुन्हा?" तो विचारायचा.

"पुन्हा."

"माझा धंदा तुमच्या पाहुण्यांवर चाललाय."

"मग कमिशन द्या."

"चहा देतो. चालेल?"

चालायचा. किल्ली घासून व्हायला पाच मिनिटं पुरत असताना एका शनिवारी तिला पंधरा मिनिटं लागली, त्याच्या पुढच्या वेळी अर्धा तास. एकदा बाहेर पावसाची सर आली आणि ती थांबली. सर ओसरल्यावरही ती स्टुलावरच बसून राहिली. त्या दिवशी तिने पर्समधून सुई-दोरा काढला आणि एक पांढरं बटण.

"हात पुढे करू नका. हलू नका. आणि बोलू नका."

"बारावा नियम?"

"बोलू नका म्हटलं ना!"

ती त्याच्या शर्टाचं बटण शिवत होती, तो श्वास रोखून छताकडे बघत होता. दोरा दातांनी तोडताना तिचं कपाळ त्याच्या खांद्याला ओझरतं लागलं. बारा वर्षांत तिने हजारो टाके घातले होते, पण एका बटणाला इतके कधीच घातले नव्हते.

"तिसऱ्या प्रश्नाचं काय झालं?" तो छताकडेच बघत म्हणाला.

"बाकी आहे," ती म्हणाली, आणि किल्ली तिथेच विसरून बस पकडायला पळाली.

मग एका शनिवारी तिच्याबरोबर तिची आई आली.

आई बुटकीशी, करारी, दोन्ही गुडघ्यांनी बेजार. बसमधून उतरून सातव्या घरापर्यंत चालत गेली आणि पुढच्या दारासमोर न थांबता, सवयीने, कडेच्या बोळातून मागच्या दाराकडे वळली.

"आई, इकडून ये ना."

"इकडून बरं पडतं गं."

आत आल्यावर तिने पदर खोचला, झाडू शोधला. लेकीने तो हातातून काढून घेतला आणि तिला खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसवलं. आई काठावर टेकली. मिनिटभर तळ्याकडे पाहिलं. मग "पाहुणे येतील गं तासाभरात," म्हणत उठली आणि फडकं घेऊन खिडकीच्या काचा पुसायला लागली.

सैल खुंटी बसवायला आलेला चावीवाला दारात उभा राहून हे बघत होता. आईने त्याला जवळ बोलावलं, भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "चौथा नियम वाच. मोठ्याने."

त्याने वाचला. "पाहुण्यांनी झाडू, फडकं, बादली यांना हात लावू नये. ते काम आमचं आहे."

"माझ्या लेकीने लिहिलंय!" आईची मान ताठ झाली. "असा नियम या अख्ख्या रांगेत कुणाकडे नाही."

संध्याकाळी आई बसस्टॉपच्या बाकावर टेकली असताना लेक दुकानात आली. त्याने काही विचारलं नाही. चहाचा कप पुढे केला तशी ती आपणहून बोलायला लागली.

"आईने याच रांगेत बावीस वर्षं घरं झाडलीत. नऊच्या नऊ. कामवाल्यांनी मागच्या दाराने यायचं, तसंच ठरलेलं होतं. मी दहा वर्षांची असताना एकदा तिच्याबरोबर आले होते. दमले आणि खुर्चीत बसले. नुसती बसले हो! तर घरमालकीण म्हणाली, ऊठ, उशी चुरगळेल. आणि आईने... माझ्या आईने तिची माफी मागितली." तिने कप खाली ठेवला. "त्या दिवशी परत जाताना मी तिला म्हटलं होतं, इथेच तुला घर घेऊन देईन. तू पुढच्या दाराने जायचंस आणि खुर्चीत बसायचंस. घर घेतलं मी. बघितलंत ना आज? ती बसतच नाही."

त्याने तिचा कप पुन्हा भरला. मग म्हणाला, "त्या कशा बसतील? तुम्ही त्यांना आणलंत तेच पाहुण्यांच्या आधीच्या तासात. त्या तासात त्या बावीस वर्षं कामच करत आल्यात."

हे बोलणं तिच्या मनात सलत राहिलं. आणि पुढच्या आठवड्यात नेमकं त्यावरूनच बिनसलं.

कुणीतरी बुकिंग रद्द केलं होतं. महिन्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारच्या दोन रात्री मोकळ्या पडल्या होत्या. ती कुरकुरत दुकानात आली, तर हा पठ्ठ्या खूश!

"मग सोन्याहून पिवळं! आईंना घेऊन या. तुम्हीही राहा."

"छे! शेवटच्या क्षणी कुणीतरी येईल घ्यायला. सीझन आहे. हप्ते आहेत माझे."

"दोन रात्रींनी हप्ते बुडतात?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"मला एवढंच कळतं," तो म्हणाला, "की तुम्ही घर विकत घेतलंत आणि त्यात नोकरीला लागलात."

तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "आणि तुम्ही? जन्मभर दुसऱ्यांची दारं उघडून द्यायची आणि बाहेरच उभं राहायचं! स्वतःचं दार घेऊन बघा, मग बोला!"

बोलून गेली... आणि लगेच जीभ चावली. पण शब्द तोंडातून सुटला होता. त्याने कानस खाली ठेवली. "तुमची किल्ली झालीये," एवढंच म्हणाला आणि पहिल्यांदाच तिला चहा विचारला नाही.

त्यानंतरचे दोन शनिवार ती दुकानावरून मान खाली घालून गेली. खरं कारण तिलाही ठाऊक होतं. हप्ते वगैरे सगळं निमित्त होतं. तिला भीती वाटत होती. आईला राहायला आणलं आणि ती पुन्हा मागच्या दारानेच आली तर? सकाळी उठून पुन्हा झाडूच शोधला तर? मग बारा वर्षं पायाने शिलाईयंत्र चालवलं ते कशासाठी? घर भाड्याने गेलेलं असलं म्हणजे हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

आणि मग बुकिंग ऑफिसातून निरोप आला. त्याच दोन रात्री कुणीतरी घेतल्या होत्या! दोन माणसं, एक ज्येष्ठ. भाडं आगाऊ भरलेलं. खास मागण्या दोन. पायरीशी धरायला आधार हवा, आणि मालकिणीने किल्ली स्वतः, पुढच्या दारात, हातात द्यावी.

ती मुद्दाम दुकानासमोर थांबली. हनुवटी वर. "गेल्या त्या दोन रात्री. म्हटलं नव्हतं मी?"

"अरे वा." त्याने मान वर केली. ओठ घट्ट दाबून धरले होते, हसू आवरताना धरतात तसे. "पाहुण्यांची नीट सोय करा, मालकीणबाई."

याला काय झालं हसायला? ती चिडून निघून गेली. पण त्या बुकिंगसाठी तिने जीव ओतला. सुताराकडून पायरीला गुळगुळीत कठडा बसवून घेतला. ज्येष्ठ माणूस आहे, गुडघे दुखत असतील, म्हणून पलंगाला ठोकळे लावून उंची वाढवली. खुर्चीसाठी नवी उशी शिवली, जाड कापडाची, कितीही बसलं तरी न चुरगळणारी.

त्या शनिवारी दुपारी चार वाजता ती पुढच्या दारात किल्ली घेऊन उभी राहिली. केस विंचरलेले, ॲप्रन काढून ठेवलेला, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू. वळणावर एक सायकल दिसली. सायकल चावीवाला हाताने ढकलत होता, हँडलला एक पिशवी अडकवलेली होती, आणि शेजारून हळूहळू, ठेवणीतलं लुगडं नेसून, चालत येत होती...

"आई?"

आई अंगणात येऊन थांबली. बोळाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"आई, तू इथे कशी? अगं, पाहुणे यायची वेळ झाली—"

"आलेत," आई म्हणाली. कमरेची छोटी पिशवी सोडून तिने घडी घातलेली पावती काढली आणि लेकीसमोर धरली. "दोन रात्री. माणसं दोन. एक मी, एक तू. पैसे माझे आहेत, बावीस वर्षांतले बाजूला टाकलेले. तू कामावर असताना बसने येऊन गेले मी, याने फक्त ऑफिसापर्यंत नेलं आणि फॉर्म भरला. चष्मा विसरले होते मी."

"पण... तू भाडं कशाला भरलंस? तुझंच घर आहे ना हे!"

"तुझं घर आहे. तू कमावलंस, ते मी चार गल्ल्यांत सांगून आलेय. पण मला कुणी आणून बसवलेलं नको होतं गं." आईची मान ताठच राहिली. "बावीस वर्षं लोकांच्या गाद्या घातल्या. एकदा तरी पाहुणी म्हणून यायचं होतं. माझ्या पैशाने, पुढच्या दाराने. आणि यायचं तर या रांगेतल्या सगळ्यात चांगल्या घरात."

पडदेवालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पाहुण्यांसाठीचं ते हसू कुठल्या कुठे गेलं.

"पैसे परत देते मी तुझे."

"नववा नियम," आई गरजली. "एकदा भरलेलं भाडं परत मिळणार नाही! मालकीण असून स्वतःचे नियम मोडतेस? दे किल्ली."

तिने किल्ली दिली. दोन्ही हातांनी. आईने कठडा धरला, एक पायरी चढली, दुसरी चढली, कुलपात किल्ली घातली आणि पुढच्या दाराने आत गेली. खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. काठावर नाही. पाठ टेकून, पाय पसरून, पार ऐसपैस.

पाच मिनिटांनी तिचा हात सवयीने खिडकीच्या चौकटीवरून फिरला, धूळ आहे का बघायला. पण आईने पाटीकडे पाहिलं, हात मागे घेतला आणि फर्मावलं, "अहो मालकीणबाई, इथे जरा फडकं मारा. आम्हाला हात लावायची परवानगी नाही."

रडता रडता ती खो खो हसत सुटली. फडकं घेऊन धावली, आणि वळून पाहिलं तर अंगण रिकामं होतं. पिशवी पायरीवर ठेवून चावीवाला केव्हाच निघून गेला होता. बाहेरच्या बाहेर.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं, तोवर ती येऊन थडकली. सपाता घातलेली, केस विस्कटलेले, धापा टाकत.

"किल्ली हरवली?" त्याने विचारलं.

"नाही. आधी ऐका. त्या दिवशी मी जे बोलले... बाहेर उभं राहण्याचं... ते मला..."

"खरं होतं ते."

"खोटं होतं! आणि तुम्ही मला सांगितलं का नाहीत? मी इथे येऊन एवढा तोरा मिरवून गेले!"

"गिऱ्हाइकाचं गुपित फोडायचं नाही. तोही वडिलांचाच नियम." मग तो हसला. "शिवाय तो तोरा बघायला मला आवडतो. तुम्ही हनुवटी वर करून उभ्या राहिलात ना, की मला वाटतं, ही बाई माझ्या ओळखीची आहे म्हणून मीच गावभर मिरवावं."

तिने विस्कटलेले केस कानामागे सारले. आज तिच्याकडे एक उत्तर होतं, आणि त्यासाठीच ती पळत आली होती.

"तिसरा प्रश्न विचारा."

त्याने शटर सोडलं, शर्टाला हात पुसले. पांढरं बटण जागेवर होतं. "सकाळचं पहिलं ऊन घरात कुठे पडतं?"

"खिडकीजवळच्या खुर्चीत," ती म्हणाली. "माझ्या आईच्या पायांवर. ती उजाडायच्या आधीपासून तिथे बसलीये. झाडू शोधला नाही तिने. पाय उन्हात धरून बसलीये आणि म्हणते, गुडघ्यांना बरं वाटतंय."

त्याने पांढऱ्या बटणावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "बरोबर आहे उत्तर. म्हणजे आता तुमचं माझ्याकडे काही बाकी नाही... याचीच मला इतके दिवस भीती वाटत होती."

"का?"

"बाकी असलं की माणूस परत येतो."

तिचे कान पुन्हा लाल झाले. या वेळी तिने ते कामावर ढकलले नाहीत. "मला तू आवडतोस," ती म्हणाली. सरळ, एका दमात, हनुवटी वर करूनच. "आणि आता अहो-जाहो पुरे. आईने तुला चहाला बोलावलंय. म्हणाली, त्या पोराला म्हणावं, पेटी घेऊन येऊ नकोस. काम नाहीये. नुसता ये, आणि आत येऊन बस."

त्याने टेबलावरच्या पेटीकडे पाहिलं, भिंतीवरच्या किल्ल्यांकडे पाहिलं. कुठल्याही घरी पेटीशिवाय जाऊन किती वर्षं झाली होती, त्यालाही आठवेना.

"मलाही..." तो म्हणाला, अडखळला, हसला. "मलाही तू. कुलूप उघडायच्या आधीपासून. बटणांची डबी म्हणालीस ना, तेव्हाच."

दोघं तळ्याच्या रस्त्याला लागले. तिचा हात त्याच्या हातात कधी गेला हे दोघांनाही सांगता आलं नसतं. वळणावरून रांग दिसायला लागली – एक, दोन, तीन... सातवं. सातव्या घराच्या खिडकीत तिने शिवलेला पडदा एका बाजूला सारलेला होता.

"ए," तो मध्येच थांबला. "येताना दार ओढून आलीस ना? किल्ली?"

तिने खिसा चाचपला. दुसरा चाचपला. किल्ली अर्थातच आत होती, खुंटीवर. आणि याची पेटी दुकानात.

"राहू दे," ती म्हणाली, आणि ऐटीत पुढे निघाली. "दार उघडायला आत माझी आई आहे."